तीनच्या खाली

माझा स्वभाव तिरसट आहे हे मला कोणी सांगायची गरज नाही. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नमुने घ्यायच्या खिडकीवर एकतीस वर्षं बसलं की कोणाचाही होईल. लोक शीतपेयाच्या जुन्या बाटलीत पाणी घेऊन येतात, तीही अर्धी रिकामी, आणि वर मलाच विचारतात, "एवढ्याशा पाण्यात कळत नाही का तुम्हाला?" मी बाटली परत करते. आमच्याकडची धुतलेली बाटली देते, ती कशी भरायची ते सांगते आणि पुन्हा पाठवते. धातूंची तपासणी असेल तर बाटली भरल्याबरोबर त्यात आम्लाचे थेंब टाकायचे, मग झाकण, मग लेबल. थेंब टाकले नाहीत तर पाण्यातला धातू बाटलीच्या भिंतींना चिकटून बसतो आणि यंत्राला सापडत नाही. हे काम मी इतकी वर्षं केलं की प्रयोगशाळेत मला सगळे थेंबबाई म्हणतात. हे तोंडावर म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते मी विचारत नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते या थेंबांमुळे झालं, आणि माझ्या स्वभावामुळे.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. त्याने लग्न केलं नाही. माझं झालं आणि दोन वर्षांत मोडलं. मी बॅग घेऊन परत आले तेव्हा त्याने एक शब्द विचारला नाही, फक्त आतल्या खोलीतलं स्वतःचं सामान उचलून बाहेरच्या खोलीत नेलं. तेव्हापासून आम्ही दोघं त्या दोन खोल्यांत राहिलो, आणि रोज भांडलो. खिडकी उघडी ठेवायची की बंद, चहात साखर किती, वर्तमानपत्र आधी कोणी वाचायचं. भांडायला विषय कमी पडला असा एक दिवस गेला नाही.

त्याचा प्लेटिंगचा कारखाना होता. कारखाना म्हणजे गल्लीच्या टोकाला पत्र्याची एक लांबट शेड आणि तिच्यात ओळीने सहा टाक्या. बोल्ट, बिजागऱ्या, हँडल, कड्या, असलं काळपट लोखंडी सामान एका दाराने आत जायचं आणि दुसऱ्या दाराने लखलखीत होऊन बाहेर यायचं. गल्ली दादाला चकचक म्हणायची. मोठी माणसं नुसतं चकचक, लहान पोरं चकचककाका.

बोल्टांवर तो कॅडमियम या धातूचा थर चढवायचा. टाकीतून काढलेला माल साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा, आणि ते खळबळलेलं पाणी शेडमागच्या शोषखड्ड्यात सोडायचा. असं जवळजवळ तीस वर्षं. "तेव्हा सगळेच तसं करायचे," हे वाक्य मी अनेकदा म्हटलं आहे. दादाने ते कधी म्हटलं नाही.

शेड बंद होऊन बरीच वर्षं झाल्यावर, म्हणजे आजपासून तीन वर्षांपूर्वी, आमच्या प्रयोगशाळेने भागातले सगळे हातपंप तपासायला घेतले. आमच्या गल्लीतल्या पंपाचा नमुना मीच घेतला, थेंब मीच टाकले. कॅडमियमची मर्यादा तीन आहे. लिटरला तीन मायक्रोग्रॅम, पण एवढं लांबण कोणी लावत नाही, आम्ही नुसतं तीन म्हणतो. आमच्या पंपाचं पाणी निघालं एकोणीस. चार दिवसांनी माणसं येऊन पंपाला लाल रंग फासून गेली आणि 'पिण्यास अयोग्य' अशी पाटी लावून गेली. कपडे धुवायला चालेल म्हणून दांडा तेवढा ठेवला.

म्हणजे एकाच घरातून विष गेलं आणि त्याच घरातून त्याची बातमी आली. गल्लीत कोणी चकार शब्द काढला नाही. टँकर लागला की रांगेत दादाला पुढे जागा द्यायचे. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं, असं मला आजही वाटतं.

समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर शिवणवाली राहते. माझ्याच वयाची, एकटी, दिवसभर खिडकीशी मशीन चालवणारी. अख्ख्या गल्लीच्या उसवलेल्या शिवणी तिच्या हातून जातात. लाल रंग लागला त्याच वर्षी तिच्या कमरेचं हाड मोडलं. कापडाचा तुकडा उचलायला वाकली, एवढंच निमित्त. "पडलेसुद्धा नाही हो दादा, नुसती वाकले," असं ती खाटेवरून सांगत होती आणि स्वतःच हसत होती. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झाली आहेत, वयाने होतात. तिला बघून घरी आल्यावर दादा जेवायला बसला आणि ताट तसंच सरकवून उठला.

"वयाने नाही," म्हणाला. "वीस वर्षं तो पंप हापसलाय तिने."

"तू डॉक्टर आहेस का?" मी म्हटलं.

"नाही. मी प्लेटिंगवाला आहे. कॅडमियम मला डॉक्टरपेक्षा जास्त माहितीये. हाडं पोखरतं ते, किडन्याही."

त्यानंतर टँकरचे दोन कॅन तिच्याकडे रोज तोच चढवायला लागला. दोन मजले. वर्षभर चढवले, मग त्याच्याच पायांवर सूज यायला लागली. तपासण्या झाल्या. दोन्ही किडन्या गेल्यात जमा होत्या. जपलं तर वर्ष, असं त्याच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आणि मी आत गेले तर तो म्हणाला, "किती म्हणाले, एक का दोन?" त्याच्यापासून काही लपवता यायचं नाही. मी एक बोट दाखवलं.

फळांच्या सालींचं वेड त्याच्या डोक्यात भरलं ते माझ्यामुळेच. आमच्या मोठ्या मॅडमनी कुठल्याशा चर्चासत्रातून आणलेली पत्रकं रद्दीत निघाली होती, ती मी स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरायला घरी आणली. एके दिवशी दादा डबा काढायला गेला आणि डबा हातात धरून तिथेच वाचत उभा राहिला. फळांच्या साली, चहाचा चोथा, भुईमुगाची टरफलं, लाकडाचा भुसा, असलं टाकाऊ सामान पाण्यातले जड धातू ओढून स्वतःवर धरून ठेवतं, असं त्यात लिहिलं होतं. त्याने फळीवरचे सगळे डबे खाली ठेवले आणि कागद काढून घेतला.

"अगं छोटे, हे तर प्लेटिंगच आहे," तो म्हणाला. "बिनविजेचं. मी करंट लावून बोल्टावर चढवायचो. ही साल फुकटात चढवून घेते."

"डबे परत वर ठेव," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून तो बसथांब्याजवळच्या रसवाल्याकडून संत्र्याच्या साली आणायला लागला. रोज एक पोतं. आठवडाभराने रसवाल्याने विचारलं, "काका, शेळ्या किती आहेत तुमच्याकडे?"

"एकच," दादा म्हणाला. "पण फार तिरसट. प्रयोगशाळेत नोकरीला आहे."

हे त्याने मला घरी येऊन स्वतः सांगितलं आणि खोकला येईपर्यंत हसला. मी दोन दिवस बोलले नाही. आता वाटतं, दोन दिवस उगाच घालवले.

घराची कळा गेली. दोरीवर साली, खुर्चीवर साली, माझ्या पलंगाखाली वर्तमानपत्रावर साली. वाळल्या की तो त्या दळायचा, आणि माझ्या मिक्सरचं पातं त्याने दोनदा मोडलं. मग चुन्याच्या निवळीत भिजवायचा, मग धुवायचा. पाणी पिवळं यायचं थांबेपर्यंत धुवायचा, बारा-बारा पाण्यांनी. मग पुन्हा वाळवायचा, पिठाच्या चाळणीने चाळायचा आणि खाली पडलेली बारीक धूळ बाजूला काढायचा. सगळं एका वहीत लिहायचा. "साल ओली असताना दळू नये." "निवळी जास्त तर वास येतो." "धूळ वाईट. धूळ खाली उतरते." जन्मभर त्याने एका कागदावर धड सही केली नव्हती आणि आता रोज पान भरत होता.

शेवटी न्हाणीघरात एक पारदर्शक पाइप उभा राहिला. त्याच्या छातीएवढा. खाली जाळी, जाळीवर खडी, खडीवर वाळू, त्यावर साल. पंपाचं पाणी वरून ओतायचं, खाली तोटीला थेंब थेंब यायचं. साल थकली की काढून तो ती एका झाकणाच्या पिंपात टाकायचा. मी एकदा म्हटलं, कुंड्यांत घाल की खत म्हणून. तो केवढ्याने ओरडला! आयुष्यात माझ्यावर इतका चढा आवाज त्याने कधी लावला नव्हता. "खताला नाही, जाळायला नाही, कशाला म्हणजे कशालाच नाही. माझी तीस वर्षं आहेत त्यात." आणि पिंपावर खिळ्याने कवटी कोरली. कवटी जमली नाही, बटाट्यासारखी झाली. त्यावर मात्र आम्ही दोघं हसलो.

दिसायला पाणी स्वच्छ येत होतं. पण कॅडमियमला रंग नाही, वास नाही, चव नाही. आत आहे की गेलं हे सांगणार कोण? ते सांगणारी त्याच्याच घरात राहत होती, आणि ती ढिम्म हलत नव्हती.

"एक बाटली ने ना," तो रोज म्हणायचा.

"प्रयोगशाळा म्हणजे माझं माहेर नाही," मी रोज म्हणायचे. "अर्ज कर."

"मला एकच आकडा बघायचाय. तीनच्या खाली. मग शिवणवालीला पहिला पेला देतो आणि मोकळा होतो."

त्याने अर्ज केला. मॅडमनी एका नमुन्याची परवानगी दिली, आणि त्याने हट्ट धरला की नमुना थेंबबाईनेच घ्यायचा. "तिने घेतला की कोणी बोट दाखवणार नाही," असं तो मॅडमना म्हणाला. मला हे मॅडमकडून कळलं आणि मान ताठ झाली, खोटं कशाला सांगू.

नमुना घ्यायच्या सकाळी मी आंघोळ करून बाहेर आले तर पाइप अंगणात. आदल्या दिवसापर्यंत न्हाणीघरात होता. सरकारी काम न्हाणीघरात बरं दिसत नाही म्हणून त्याने उचलून आणला होता. सुजलेल्या पायांनी, एकट्याने. पाइप बाहेरून पुसून लखलखीत केला होता, स्वतः इस्त्रीचा शर्ट घातला होता. शिवणवाली वर खिडकीत काठी धरून उभी होती. मी पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. एक धातूंसाठी, थेंबांची. दुसरी बिनथेंबांची, तिच्यातून खारटपणा, कठीणपणा असलं बाकीचं बघतात.

तोटी सोडली. पाणी आलं ते किंचित पिवळट. त्यात अगदी बारीक कण फिरत होते, उन्हात धरलं तरच दिसतील असे.

"हे रोज नसतं," दादा घाईने म्हणाला. "आज हलवला ना, म्हणून धूळ उतरली. थांब." त्याने खिशातून रुमाल काढला. पांढरा, घडी न मोडलेला. तोटीखाली धरला. "यातून गाळून घे."

"नाही," मी म्हटलं.

"अगं, धूळ आहे नुसती."

"पाणी जसं येतं तसं बाटलीत. नमुन्याला हात लावायचा नाही. उद्या लोक म्हणतील, बहिणीने गाळून दिलं."

"मग घटकाभर थांबू. खाली बसेल ती."

"मला दहाला खिडकी उघडायची आहे."

 तो हसला, रुमाल पुन्हा घडीवर घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "बरोबर आहे तुझं. म्हणून तर तुला बोलावली." मी दोन्ही बाटल्या भरल्या. पहिलीत थेंब टाकले, झाकण लावलं, नियमाप्रमाणे हलवली. फॉर्ममध्ये एक रकाना असतो, 'नमुन्यावर केलेली प्रक्रिया'. त्यात 'काही नाही' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

आकडा आला एकतीस.

आमचे मशीनवाले, जे धातूंचं यंत्र चालवतात, फार कमी बोलणारे गृहस्थ आहेत. त्यांनी तीनदा लावून बघितलं. "पंपाचं एकोणीस होतं ना?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि संध्याकाळी घरी आले.

दादा उंबऱ्यावरच बसला होता. त्याने कागद हातात घेतला, चष्मा लावला, आकड्याखाली बोट ठेवलं. 

"वाढलं?"

"हो."

"म्हणजे साल धरत नाहीये. उलट देतेय." त्याने चष्मा काढला. "छोटे, मी तिला दुसऱ्यांदा पाजणार होतो."

इथे कोणीही शहाणी बहीण गप्प बसली असती, नाहीतर त्याच्या शेजारी जाऊन टेकली असती. मी काय म्हटलं? मी म्हटलं, "मी सांगत होते, असली कामं घरी होत नसतात." आणि आत जाऊन गॅस पेटवला.

तो अंगणात गेला. समोरच्या खिडकीकडे मान वर करून म्हणाला, "नाही जमलं हो." वरून शिवणवालीचा आवाज आला, "असू दे दादा. टँकर येतोच आहे की." मग त्याने पाइप रिकामा केला, सगळी साल पिंपात भरली, झाकणाच्या कडेने मेण ओतून ते बंद केलं. न वापरलेल्या सालीचं एक पोतं उरलं होतं, ते शेडमध्ये ढकललं. वही माझ्या मिक्सरच्या खोक्यात टाकली. वर म्हणाला, "पात्याचं राहिलंय तुझं. आणतो." ते त्याने आणलंही, दुसऱ्याच दिवशी.

सालींचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. खिडकी उघडी की बंद यावरही तो भांडेनासा झाला. मी म्हणेन ते बरोबर. मी मुद्दाम त्याच्या चहात साखर कमी घालून बघितली, तर त्याने तो तसाच पिऊन टाकला. डॉक्टरांनी वर्ष सांगितलं होतं, त्यातले चार महिने अजून शिल्लक होते. तो सहा आठवड्यांत गेला. दवाखान्यात शेवटच्या दिवशी शुद्ध होती. नर्सने पाण्याचा पेला पुढे केला तर म्हणाला, "कुठलं आहे?" नर्सला कळेना. मी म्हटलं, "चांगलं आहे दादा, पी." त्याने माझ्याकडे बघून पेला घेतला. माझ्या शब्दावर तो काहीही प्यायला असता.

आमच्याकडे नमुन्याच्या बाटल्या नव्वद दिवस ठेवतात, मग ओतून टाकतात. ओतायचं कामही माझंच. फळी रिकामी करता करता माझ्याच अक्षरातलं लेबल हाती आलं. दुसरी बाटली. बिनथेंबांची. खारटपणा बघायला त्यातलं घोटभर वापरलं होतं, बाकी तशीच भरलेली. मी ती मोरीवर धरली, झाकण फिरवलं, आणि ओतण्याआधी सवयीने उजेडात बघितली.

पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. तळाशी नखाच्या जाडीइतकी पिवळी धूळ बसली होती.

एकतीस वर्षं मी लोकांना सांगत आले की आम्लाचे थेंब कशाला. धातू भिंतीला चिकटू नये, चिकटला असेल तर सुटून पाण्यात यावा म्हणून. भिंतीला चिकटलेला सुटतो, तर सालीला चिकटलेला सुटणार नाही?  मी झाकण हळूच परत फिरवलं. मग बाटली अजिबात न हलवता, दोन्ही हातांत धरून, मशीनवाल्यांच्या खोलीत गेले.

"फक्त वरचं घ्या," मी म्हटलं. "धूळ येऊ देऊ नका."

त्यांनी लेबल वाचलं. वरचं पाणी नळीने ओढून घेतलं, वेगळ्या बाटलीत थेंब टाकले आणि यंत्राला लावलं. मग तळाची धूळ घेतली, तिच्यावर थेंब टाकले आणि तेही लावलं. रिकाम्या बाटलीच्या भिंतीही आम्लाने खळबळून बघितल्या, तिथे काही सापडलं नाही. वरचं पाणी आलं एक. धुळीचा आकडा यंत्राच्या कागदावर मावेना, पाणी मिसळून मिसळून पुन्हा लावावं लागलं.

"धरत होती की साल," ते म्हणाले. "चांगलीच धरत होती. आपण आम्ल घालून सोडवलं."

"म्हणजे माझा नमुना चुकला."

त्यांनी चष्मा पुसला. "तसंही नाही म्हणता येणार. धूळ पाण्याबरोबर पोटात गेली असती तर पोटातल्या आम्लाने तेच केलं असतं. तुमचा आकडा खोटा नव्हता, बाई. खाली एक कापड लावायचं राहिलं, एवढंच."

एवढंच. मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून रडले. दवाखान्यातसुद्धा मी अशी रडले नव्हते. एक कापड. ते त्याने खिशातून काढलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर धरलं होतं. त्या दिवशी मी नुसतं विचारलं असतं की धूळ का नको, तर तो सांगत बसला असता, वही काढून दाखवली असती, मला दहाची खिडकी साडेदहाला उघडावी लागली असती. पण मला माझा प्रामाणिकपणा त्याच्यापेक्षा जास्त प्यारा होता. गल्ली काय म्हणेल याची काळजी होती मला, त्याच्या एका आकड्याची नव्हती.

त्या रविवारी मी शेडमधून सालीचं पोतं ओढत घरी आणलं. वही काढली. पाइप धुतला. जाळी, खडी, वाळू, साल. त्याने बारा पाण्यांनी धुतलेली साल मी अजून चार पाण्यांनी धुतली, का कोण जाणे. मग त्याचं कपाट उघडलं. इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात रुमाल तसाच होता, घडी घातलेला. तो घेऊन मी समोर दोन मजले चढले.

"याची चौपदरी पट्टी करून दे," मी शिवणवालीला म्हटलं. "पाइपच्या खालच्या तोंडाला बसेल अशी. गाळायला."

तिने रुमाल उलटा करून काठ बघितला. "हा मीच शिवलेला आहे," म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं. थेंब, धूळ, एकतीस, एक. ती ऐकत ऐकत मशीन चालवत होती, मध्ये एकदा थांबली, मग पुन्हा चालवायला लागली.  तिने दोरा दाताने तोडला आणि पट्टी माझ्या हातात देऊन म्हणाली, "त्यांना त्या दिवशी मी वरून नुसतं असू दे म्हटलं. खाली उतरायला हवं होतं."

पाइप मी न्हाणीघरात उभा केला आणि जागचा हलवला नाही. पंधरा दिवस पंपाचं पाणी ओतत राहिले. मग रीतसर अर्ज केला, मॅडमची सही घेतली आणि मशीनवाल्यांना नमुना घ्यायला घरी बोलावलं. माझ्या हातून नको, म्हटलं. बाटली त्यांनी भरली, थेंब त्यांनी टाकले, हलवली त्यांनीच. आकडा आला दोन.

पंपाचा लाल रंग अजून तसाच आहे. एका पाइपने गल्ली भागत नाही आणि वरच्या कचेरीतून कागद हलायला वेळ लागतो. मी मागे लागले आहे, माझा तिरसटपणा तिथे कामाला येतो आहे. आकडा आला त्या संध्याकाळी पहिला पेला मी शिवणवालीकडे वर नेला. तिने तो दोन्ही हातांत धरला, अर्धा प्यायली आणि उरलेला माझ्यापुढे केला. मी प्यायले. पाण्याला काहीच चव नव्हती.

घरी येऊन मी दोन्ही फॉर्म टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. अक्षर वेगळं, आकडा वेगळा, बाकी सगळे रकाने सारखे. 'नमुन्यावर केलेली प्रक्रिया' या रकान्यात मशीनवाल्यांनी त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, "रुमालातून गाळला". माझ्या फॉर्ममध्ये त्याच जागी "काही नाही" होतं, आणि त्याखाली मी मारलेल्या त्या दोन रेघा.